सव्वादोन एकर देऊन दोन वर्षांचा व्हिसा

६ जुलै २०२५, रविवार. आशुऱ्याचा दिवस होता. दुपारनंतर आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच बातमी सात वेळा आली, सात वेगवेगळ्या माणसांकडून. दुबईचा गोल्डन व्हिसा भारतीयांना आता २३ लाखांत, आणि तोही आयुष्यभरासाठी. तिथे घर घ्यायला नको, धंदा लावायला नको. एक लाख दिरहम भरा, तुमचं नाव सुचवलं जाईल, तपासणी होईल, व्हिसा हातात. बातमी मोठ्या वृत्तसंस्थेची होती, सगळ्या नामांकित पेपरांनी छापलेली. त्यामुळे खोटी असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

रात्री पोलादपूरहून मामूंचा फोन. "तू इंग्लिश वाचतोस. नीट वाच आणि सांग." मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या घरात इंग्रजी वाचायचं काम इंजिनिअर झाल्यापासून माझ्याकडे आहे: पासपोर्टचे फॉर्म, विम्याची कागदं, २०२१ च्या पुरानंतरचे अर्ज, सगळं. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, बघून सांगतो.

दोन दिवसांनी, ८ तारखेला, यूएईच्या सरकारी यंत्रणेनेच खुलासा केला. ओळखपत्रं, नागरिकत्व आणि व्हिसा हे सगळं बघणारी तिथली जी फेडरल अथॉरिटी आहे, तिने सांगितलं की अशी कुठलीही योजना नाही, गोल्डन व्हिसाचे प्रकार कायद्याने ठरलेले आहेत, अर्ज फक्त सरकारी मार्गाने होतो आणि कुठल्याही सल्लागार कंपनीला त्यात अधिकृत स्थान नाही. ज्या कंपनीच्या हवाल्याने बातमी आली होती तिने मग माफीही मागितली. प्रकरण संपलं.

पोलादपुरात संपलं नव्हतं. मामू दोन दिवस थांबलेच नाहीत. ७ तारखेच्या सोमवारी सकाळी ते महाडला गेले आणि एका एजंटाला 'फाइल चार्ज' म्हणून ५० हजार रुपये देऊन आले. पावती कसली? कोऱ्या कागदावर सही आणि मोबाइल नंबर.

शनिवारी मी गाडी काढली. ताम्हिणीतून माणगाव, मग महाड, मग पोलादपूर. जुलैचा पाऊस, सावित्रीला लाल पाणी. घरी पोचलो तेव्हा कळलं की ५० हजार ही या गोष्टीतली सगळ्यात छोटी रक्कम आहे. एजंटाने खुलासा आल्यावर शरमिंदा व्हायच्या ऐवजी दुसरा माल काढला होता. तो म्हणे, "ते २३ लाखांचं जाऊ द्या, ते राजकारण झालं. खरा व्हिसा प्रॉपर्टीवर मिळतो. साडेसात लाख दिरहमांचा स्टुडिओ फ्लॅट बुक करा, दोन वर्षांचा व्हिसा लगेच. नंतर किंमत वाढली की तोच गोल्डन होईल." आणि पैसे कुठून? मामूंची रस्त्याला लागून सव्वादोन एकर आहे. त्याला महाबळेश्वरच्या रस्त्यामुळे भाव आलाय. पुण्याच्या एका पार्टीने एक कोटी ऐंशी लाख बोलले होते. विसार म्हणून दोन लाख देऊ केले होते आणि मामूंनी ते घेतलेही होते.

आता हे वाचणाऱ्या माझ्या वयाच्या किंवा माझ्याहून लहान मुलामुलींना मामूंचं हसू येईल. येऊ देऊ नका. मामू मूर्ख नाहीत. त्यांना ही गोष्ट का पटली हे समजून घेतल्याशिवाय नुसतं 'फसवणुकीपासून सावध राहा' म्हणणं म्हणजे मोबाइलच्या कॉलरट्यूनचं काम झालं.

आपल्या कोकणी मुसलमानांच्या घरात आखात हा परदेश नाहीच मुळी. आधी मुंबईची गोदी, मग जहाजं, कुणी केपटाऊनला, कुणी पूर्व आफ्रिकेत, आणि तेल निघाल्यावर कुवेत, बहरीन, दुबई. एक काळ असा होता की तिथे चलनच आपलं होतं. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, त्यांना लोक 'गल्फ रुपया' म्हणत. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, दुबईच्या बाजूला रुपया १९६६ पर्यंत चालला. म्हणजे माझ्या दादांच्या पिढीतला माणूस दुबईत उतरून खिशातल्या रुपयाने चहा प्यायला असेल. त्या माणसाच्या नातवाला आज तिथे राहायचा कागद विकत घ्यावासा वाटतो.

माझे बाबा २७ वर्षं शारजात होते. एसी मेकॅनिक. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांसाठी घरी. कुटुंब तिकडे न्यायला पगाराची अट होती, आणि बाबांचा पगार त्या आकड्यापर्यंत कधी पोचलाच नाही. म्हणून आम्ही भावंडं फोटोत वाढलो. २०१३ मध्ये कंपनीने काम बंद केलं, व्हिसा कॅन्सल झाला, आणि देश सोडायला ३० दिवस मिळाले. २७ वर्षांचे ३० दिवस. बाबा त्यावर कधी चिडले नाहीत. "त्यांचा मुलूख, त्यांचा कायदा, आपण रिज्कसाठी गेलेलो," एवढंच म्हणाले. पण घरातल्या प्रत्येकाच्या मनात एक काटा राहिला: घाम गाळून जे मिळालं नाही ते आता पैसे टाकून मिळतंय का? मामूंच्या फोनमागे तो काटा होता. एजंटाला तो बरोबर ठाऊक असतो.

तर मिळतं का? मिळतं, पण कुणाला, ते बघू.

यूएईने गोल्डन व्हिसा २०१९ पासून द्यायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये नियम बरेच सैल केले. दहा वर्षांचा रहिवास, कुणी मालक किंवा कफील लागत नाही, कुटुंबाला सोबत ठेवता येतं, आणि साध्या व्हिसासारखं सहा महिने देशाबाहेर राहिलं की तो रद्द होत नाही. घर घेऊन तो मिळवायचा तर घराची किंमत किमान वीस लाख दिरहम हवी. गेल्या जुलैच्या दराने ते चार कोटी अडुसष्ट लाख रुपये होतात. घर विकलं तर व्हिसाचा आधार गेला. 'आयुष्यभर' हा शब्द त्या कायद्यात नाही. आणि दहा काय, वीस वर्षं राहिलात तरी त्यातून नागरिकत्वाचा रस्ता निघत नाही.

दुसरा एक रस्ता आहे, त्याबद्दल एजंट कधी बोलणार नाही, कारण त्यात त्याचं कमिशन नाही. पदवी असलेल्या, तिथे नोकरीत असलेल्या आणि महिना तीस हजार दिरहम पगार असलेल्या कुशल माणसालाही हाच दहा वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. माझ्याबरोबर इंजिनिअरिंगला असलेल्या एकाला असाच मिळाला. त्याने जमीन विकली नाही, विकायला त्याच्याकडे नव्हतीच.

मामूंना जे विकलं जात होतं ते गोल्डन नव्हतंच. ते होतं दुबईतल्या साडेसात लाख दिरहमांच्या घरावरचं दोन वर्षांचं साधं निवासपत्र. त्या शनिवारी जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि हिशोब मांडला. मामूंना आकडे आवडतात, ते शिपिंगमध्ये होते.

घर साडेसात लाख दिरहम, म्हणजे एक कोटी साडेपंच्याहत्तर लाख रुपये. दुबईत घर नावावर करायची फी चार टक्के, म्हणजे आणखी सात लाख. इथपर्यंत एक कोटी साडेब्याऐंशी लाख झाले आणि जमिनीचे येणार होते एक कोटी ऐंशी. मामू म्हणाले, अडीच लाख जमतील. मी म्हटलं, थांबा, अजून टीसीएस राहिलाय.

भारतात राहणारा माणूस परदेशात पैसे पाठवतो ते रिझर्व्ह बँकेच्या 'लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम'खाली. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. साडेसात लाख दिरहम म्हणजे दोन लाख चार हजार डॉलर, म्हणजे एकट्या मामूंच्या मर्यादेत बसतं. (वीस लाख दिरहमांच्या खऱ्या गोल्डन व्हिसासाठी पाच लाख चव्वेचाळीस हजार डॉलर लागतात. नवराबायको दोघांची एका वर्षाची मर्यादा एकत्र केली तरी पुरत नाही.) पण वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक तिथल्या तिथे वीस टक्के टीसीएस कापते. एक कोटी साडेपासष्ट लाखांवर वीस टक्के: तेहतीस लाख. ते बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात. घर घ्यायच्या दिवशी तुमच्याकडे असावे लागतात दोन कोटी पंधरा लाख. जमिनीचे आहेत एक ऐंशी.

मामेभाऊ तोवर गप्प होता. तो म्हणाला, "एजंट बोलला, एवढं बँकेतून कशाला. इकडे रोख द्या, तिकडे दिरहम भरले जातील."

इथे आपण आपल्यातच जरा खरं बोलू या. हा 'इकडे रोख, तिकडे दिरहम' प्रकार आपल्या भागाला नवा नाही. बँका नव्हत्या, होत्या त्या बारा दिवस लावत, तेव्हा बायकांच्या हातात घरखर्च असाच पोचला. त्यामुळे त्यात कुणाला गुन्हा वाटत नाही. पण फेमा कायद्यात तो गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाचा विषय आहे. आणि २०१५ पासून त्यात ३७-अ हे कलम आहे: परदेशातली मालमत्ता नियम मोडून घेतली असा संशय आला तर तेवढ्याच किमतीची भारतातली मालमत्ता जप्त करता येते. म्हणजे दुबईच्या स्टुडिओपायी पोलादपूरचं घर. शिवाय परदेशातलं घर आयकराच्या विवरणपत्रात दरवर्षी दाखवावं लागतं. दाखवलं नाही तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड. आणि आजच्या हवेत अशी नोटीस एखाद्या मुसलमान घरावर आली तर तिची बातमी कशी होते हे मी तुम्हाला सांगायला नको.

'दुबईत टॅक्स नाही' हेही अर्धंच सांगितलं जातं. खिशात तिथलं निवासपत्र असल्याने भारताचा आयकर सुटत नाही. वर्षात किती दिवस तुम्ही भारतात राहिलात त्यावर ते ठरतं. पोलादपुरात राहून दुबईचा करदाता होता येत नाही.

पैशांचं हे झालं. पण माझ्या दृष्टीने खरा मुद्दा पैशांचा नव्हताच, जमिनीचा होता.

ही सव्वादोन एकर मामूंच्या वडिलांना कुळ कायद्यात मिळाली. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, त्या दिवशी कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली. नाना कसत होते म्हणून त्यांचं नाव लागलं. सातबाऱ्यावर अजून कलम ४३ चा शेरा आहे, म्हणजे पूर्वी अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकताच येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मालकीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असली तर आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. आकारणी रुपयांत असते, म्हणजे नजराणा किरकोळ. विकणं आता सोपं आहे. परत घेणं नाही.

महाराष्ट्रात शेतजमीन फक्त शेतकरीच विकत घेऊ शकतो. कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३. मामूंची हीच एक जमीन. ती गेली की सातबारा गेला, सातबारा गेला की मामू आणि त्यांची मुलं कायद्याच्या नजरेत शेतकरी राहत नाहीत. उद्या हातात पैसा आला तरी शेजारची पाच गुंठे घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. आणि मुलगा खरोखर तिकडे स्थायिक होऊन अनिवासी भारतीय झाला, तर त्याला फेमाच्या नियमांनी भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेताच येत नाही. वारसाने मिळू शकते, असलेली ठेवता येते, नवी घेता येत नाही. एकीकडे दोन वर्षांनी नव्याने काढावा लागणारा कागद, दुसरीकडे अडुसष्ट वर्षांपूर्वी मिळालेली नोंद. पहिला हवा म्हणून दुसरी देऊन टाकली तर ती कुठल्याही भावाने परत येत नाही. व्हिसाच्या जाहिरातीत ही ओळ नसते, कारण दुबईच्या कंपनीला पोलादपूरच्या सातबाऱ्याशी काय देणंघेणं.

त्या सातबाऱ्यावर मामूंच्या दोन बहिणींचीही नावं आहेत. एक माझी आई. विसार घेताना दोघींना कुणी विचारलं नव्हतं. मी हे विचारलं तेव्हा खोलीत जी शांतता झाली ती मला अजून आठवते. खाला आतून म्हणाल्या, "आम्हाला कोण विचारतं? सही हवी असेल तेव्हा आठवतील."

आणि मग नोकरीचा प्रश्न. मामेभाऊ २६ वर्षांचा आहे, डिप्लोमा झालाय, महाडच्या एमआयडीसीत केमिकल प्लांटला कंत्राटावर आहे. मी विचारलं, तुला दुबईत नोकरी मिळाली तर व्हिसा कोण देणार? "कंपनी." खर्च कुणाचा? "कंपनीचा." बरोबर, तिथल्या कायद्याने तो मालकानेच करायचा असतो. मग नोकरी मिळाली तर या घराच्या व्हिसाचा उपयोग नाही. आणि नोकरी नाही मिळाली, तर त्या स्टुडिओत बसून खायचं काय? शिवाय घर मामूंच्या नावावर, म्हणजे व्हिसा मामूंना. साठीचा माणूस एकटा स्टुडिओत आणि मुलगा एमआयडीसीत. तो हसला, मामू नाही हसले.

ब्रोशरमध्ये बिल्डिंग होती, पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं. मी फार बोललो नाही. महाडच्या माणसाला इमारतीबद्दल जास्त सांगावं लागत नाही. २४ ऑगस्ट २०२० ला तारीक गार्डन कोसळली, १६ माणसं गेली. फार जुनीही नव्हती, आपल्या डोळ्यांसमोर बांधली गेली होती. इथे समोर उभं राहून जे दिसलं नाही ते तिथल्या चकचकीत चित्रातून दिसेल, असं मानायचं? दुबईतल्या सगळ्या इमारती वाईट असतात असं मी म्हणत नाही. २००८-०९ मध्ये तिथले घरांचे भाव निम्म्याच्या आसपास आले होते, एवढं मात्र एजंटाच्या वाढत्या आलेखात नव्हतं.

हे सगळं बोलून झाल्यावर मामूंनी दार लोटून घेतलं आणि जे म्हणाले त्याला माझ्या एक्सेल शीटमध्ये रकाना नव्हता. "हिशोब कळला. पण इथे उद्या काय होईल हे तू सांगू शकतोस का? एक दार तरी उघडं असावं माणसाला."

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण ती शीट मी स्वतःसाठीही एकदा केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये सीएए झाला, एनआरसीची चर्चा होती, दादीचा जन्मदाखला शोधण्यात आमची एक अख्खी सुट्टी गेली. त्या दिवसांत मी आणि माझी बायको रात्री पोर्तुगालचा गोल्डन व्हिसा वाचत बसलो होतो. पाच लाख युरोचं घर घ्या, रहिवास मिळवा. चार कोटी रुपये. आमच्या पुण्याच्या टू बीएचकेचं कर्ज तेव्हा सोळा वर्षांचं बाकी होतं. लॅपटॉप बंद केला. पण रात्री वाचत बसलो होतो, हे खरं. ही भीती कुणी मनात भरवलेली नाही. जे तिला हसतात त्यांच्यावर अजून कागद दाखवायची वेळ आलेली नाही.

पण भीती खरी असली म्हणून औषध खरं होत नाही. आज पोर्तुगालची ती घराची वाट बंद आहे, २०२३ मध्ये बंद केली. ब्रिटनने आपला गुंतवणूकदार व्हिसा २०२२ मध्ये थांबवला, आयर्लंडने २०२३ मध्ये, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. अमेरिकेत तो १९९० पासून आहे, पण आठ लाख डॉलर आणि दहा लोकांना नोकऱ्या, आणि ही कमीत कमी अट. आपल्याही देशाने २०१६ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांसाठी असंच निवासपत्र मंजूर केलं: अठरा महिन्यांत दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी गुंतवा, दरवर्षी वीस भारतीयांना काम द्या, दहा वर्षं राहा. प्रत्येक देश हे दार स्वतःच्या गरजेनुसार उघडतो आणि निवडणूक आली, घरभाडी वाढली की लावून घेतो. कडी त्यांच्या बाजूला असते.

आणि मुख्य म्हणजे व्हिसा हवेत उभा नसतो, तो पासपोर्टवर उभा असतो. गोल्डन असो की साधा, त्यावर लिहिलेलं असतं: भारतीय नागरिक. उद्या इथल्या नागरिकत्वावरच प्रश्न आला, पासपोर्टच अडला, तर तिथलं निवासपत्र किती दिवस टिकेल? जी भीती आहे त्याच भीतीवर तो कागद टेकलेला आहे. आमच्या चाचांना हे १९९० मध्ये कळलं. ते कुवेतला होते, पैसा होता, गाडी होती, पक्की नोकरी होती. ऑगस्टमध्ये सद्दामचं सैन्य आलं आणि दिनाराचा कागद झाला. ते वाळवंटातून अम्मानला पोचले आणि एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. लाखाहून जास्त भारतीय त्या वाटेने परतले. विमानात बसवताना कुवेतचा निवास परवाना कुणी बघितला नाही, भारताचा पासपोर्ट बघितला.

म्हणून मला वाटतं, आपल्या पिढीने या प्रश्नाकडे दोन वेगळे प्रश्न म्हणून बघावं. कामासाठी जायचं का? जा. आपले बाप गेले, त्यांच्यामुळे आपण शिकलो. हुनर घेऊन, करार वाचून, कंपनीच्या खर्चाने जा. पण इथली जमीन विकून तिथला रहिवास विकत घेणं हा दुसराच व्यवहार आहे, आणि तो जवळजवळ नेहमीच अशा माणसाला विकला जातो ज्याला तो परवडत नाही. ज्याच्याकडे पावणेपाच कोटी मोकळे आहेत त्याला महाडच्या एजंटाची गरज नसते. भीती मात्र सगळ्या गावाला सारखी असते. पाच घरांनी कागद विकत घेतले तरी उरलेल्या दोनशे घरांच्या जन्मनोंदी, वारस नोंदी आणि मतदार यादीतली नावं तशीच राहतात. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं तेव्हा गच्चीवर दोरीला लावून लोक जे वाळवत होते ते हेच कागद होते.

हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं ब्रोशर निघत नाही. आमच्या गावात ऑगस्टपासून आम्ही तिघांनी, मी, एक वकील मुलगी आणि तलाठी कार्यालयात खेटे घालून तयार झालेला एक निवृत्त शिक्षक, महिन्यातून एक रविवार मशिदीशेजारच्या खोलीत टेबल लावायला सुरुवात केली. जुन्या सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज, मुलींची नावं सोडलेली असतील तर ती घालणं, पासपोर्टमधलं आणि आधारमधलं स्पेलिंग जुळवणं. आणि हो, कुणी एजंटाचा कागद आणला तर तो वाचून देणं. पहिल्या रविवारी चार लोक आले, त्यातले दोघे पंखा लागलाय म्हणून बसले होते. आता पंचवीस-तीस येतात. व्हिसाचे कागद घेऊन आत्तापर्यंत सहा जण आले. सहाच्या सहा कागदांत 'आयुष्यभर' किंवा 'गॅरंटी' यांपैकी एक शब्द होता. यूएईचा कुठलाही सरकारी अर्ज तसं म्हणत नाही, एवढीच खूण पुरते.

मामूंनी विसाराचे दोन लाख परत केले. पार्टी चांगली होती, वाद घातला नाही. एजंटाने ५० हजारांतले २० परत दिले, उरलेले 'ऑफिसचा खर्च'. तक्रार करू म्हटलं तर मामू नको म्हणाले, रोजचं तोंड बघायचंय. त्यावर आमचं अजून एकमत नाही. मामेभावाने प्रोसेस सेफ्टीचा कोर्स धरलाय, कतारच्या एका प्लांटला अर्ज केलाय. आईचं आणि खालाचं म्हणणं असं की जमिनीत आता आमचाही भात लावा, नुसतं नाव नको.

निघताना मामू गाडीपर्यंत आले. पाऊस थांबला होता, समोरच्या खाचरात लावणी चालू होती. म्हणाले, "खरं सांग. तुझ्याकडे वीस लाख दिरहम असते तर तू घेतला असतास का?"

मी म्हटलं, "विचार केला असता, मामू."

"मग मी काय वेगळं केलं?" ते म्हणाले, आणि डिकी नीट लागली का ते बघायला मागे गेले.